आधी कुलूप तपासा, मग माणूस

२०२५ सालच्या जुलै-ऑगस्टच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही तीन आठवडे हॅरो येथे भाचीकडे राहून आलो. हॅरो म्हणजे लंडनच्या वायव्येकडचा भाग. पंडित नेहरू लहानपणी ज्या शाळेत शिकले, ती शाळा इथल्याच टेकडीवर आहे. आज या वस्तीत जवळजवळ निम्मी माणसे आशियाई वंशाची आहेत. १८९१ साली इथे कोडॅक कंपनीचा मोठा कारखाना निघाला होता. तो २०१६ साली बंद पडला. कारखान्यातली कामे गेली आणि कचेरीतली आली. आता इथल्या पुष्कळ घरांतली माणसे सकाळी उठून कुठे ना कुठे संगणकासमोर जाऊन बसतात. आमची भाचीही त्यांतलीच. एका लहानशा हिशेबाच्या कचेरीत ती काम करते.

एका सोमवारी ती संध्याकाळी रडवेली होऊनच घरी आली. चहा पुढे ठेवला तरी घेईना. "मामा, आज ऑफिसात मला चोर ठरवलं," एवढेच म्हणाली. मग अर्धे मराठीत, अर्धे आपल्या क्रिओलमध्ये तिने सगळे सांगितले. ते ऐकल्यावर आम्हांला वाटले, ही एका मुलीची गोष्ट नाही. ज्यांची ज्यांची मुले आज बँकेत, शाळेत, इस्पितळात किंवा सरकारी कचेरीत संगणकावर काम करतात, त्या सर्व घरांची ती गोष्ट आहे. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतला आहे.

घडले ते असे. सोमवारी सकाळी तिने संगणकावर आपले नाव आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, घातला. संगणक आत घेईना. पुन्हा घातला, तिसऱ्यांदा घातला. मग खाते बंद केल्याची सूचना आली. फोनवरच्या तंत्रज्ञाने खाते उघडून दिले, पण अर्ध्या तासात ते पुन्हा बंद! तेवढ्यात साहेबांनी सर्व्हरवरची नोंद काढली. तीत दिसत होते की शनिवारी रात्री आणि रविवारी दिवसभर हिच्या नावाने आत शिरण्याचे प्रयत्न झाले आणि सगळे फसले. साहेबांनी चारचौघांत विचारले, "सुट्टीच्या दिवशी तुला कचेरीच्या कागदांत काय शोधायचे होते?" शनिवारी रात्री ती तर आमच्याबरोबर जेवायला बसली होती. पण ते सांगून पटणार कसे? नोंदीत नाव तिचे होते.

कुलूप कसे चालते

पुढे काय झाले हे सांगण्याआधी हे कुलूप काय प्रकारचे असते ते थोडे समजून घेऊ. घरचा संगणक पासवर्ड स्वतःच तपासतो. कचेरीतला तसे करीत नाही. तो आपली विचारणा तारेवरून सर्व्हर नावाच्या मुख्य यंत्राकडे पाठवतो आणि तिथून होकार आला तरच दार उघडतो. म्हणजे दार अडले तर दोष चार ठिकाणी असू शकतो: बोटांत, समोरच्या यंत्रात, मधल्या तारेत किंवा सर्व्हरवरच्या खात्यात. जाणता तंत्रज्ञ हे चारही क्रमाने तपासतो.

पहिली गोष्ट, पडद्यावरचा संदेश नीट वाचावा. 'पासवर्ड चुकला', 'खाते बंद आहे' आणि 'सर्व्हर सापडत नाही' हे तीन निरनिराळे आजार आहेत. आपण मात्र तिन्हींना 'लॉगइन होत नाही' एवढेच म्हणतो. डॉक्टरकडे जाऊन नुसते 'बरे वाटत नाही' म्हणावे तसे.

दुसरी गोष्ट, कीबोर्ड पाहावा. मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली राहिली की पासवर्ड चुकतो, हे बहुतेकांना माहीत असते. पण ब्रिटिश आणि अमेरिकन कीबोर्डांवर ॲट आणि दुहेरी अवतरणाचे चिन्ह यांच्या जागा उलट असतात, हे थोड्यांना ठाऊक असते. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसतच नाही. ते एक चिन्ह नावाच्या रकान्यात उमटवून पाहिले की लगेच उलगडा होतो.

तिसरी गोष्ट, अदलाबदल करावी. शेजारच्याला आपल्या यंत्रावर बसवावे आणि आपण त्याच्या यंत्रावर बसावे. आपल्या यंत्रावर शेजारी आत गेला आणि आपण मात्र कुठेच जात नसलो, तर दोष खात्यात. आपण दुसरीकडे आत गेलो आणि आपल्या यंत्रावर कोणीच जात नसेल, तर दोष यंत्रात किंवा त्याच्या तारेत. कोणीच कुठेही जात नसेल, तर सर्व्हर किंवा सगळे जाळेच बसले आहे. पाच मिनिटांच्या या परीक्षेने निम्मे भांडण मिटते. इथे एक फसवी गोष्टही आहे. विंडोजचे यंत्र पूर्वी येऊन गेलेल्यांची ओळख जपून ठेवते. त्यामुळे तार तुटलेली असतानाही जुना माणूस आत जातो आणि नवा बाहेर राहतो. मग सगळे म्हणतात, 'त्याचे चालते, तर याचे का नाही?' आणि संशय नव्या माणसावर जातो.

चौथी गोष्ट, घड्याळ पाहावे. कचेरीच्या विंडोज जाळ्यात यंत्राचे आणि सर्व्हरचे घड्याळ साधारणपणे पाच मिनिटांहून अधिक चुकले तर सर्व्हर नकार देऊ शकतो. शिवाय माणसासारखाच यंत्राचाही सर्व्हरशी ठरलेला एक गुप्त शब्द असतो आणि तो सुमारे महिन्याने आपोआप बदलतो. तो जुळेनासा झाला की माणसाचा पासवर्ड बरोबर असूनही काम अडू शकते.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, खाते बंद झाले असेल तर ते कोणी बंद पाडले हे शोधावे. खाते उघडून देणे म्हणजे तापावर नुसती गोळी देणे. ताप कशाने आला ते पाहिले नाही, तर तो परत येतो.

भाचीच्या कचेरीत दुपारी एक वयस्कर तंत्रज्ञ आला. त्याने तिला काहीच विचारले नाही. नोंदीतल्या वेळा आणि यंत्राचे नाव एवढेच पाहिले. फसलेले सगळे प्रयत्न बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी झाले होते आणि ते कचेरीतल्याच सर्व्हरवरून आले होते. माणूस घड्याळ लावून चुकत नाही. मग उलगडा झाला. वर्षापूर्वी हिशेबांची प्रत काढून ठेवणारे एक काम त्या सर्व्हरवर लावताना कोणीतरी सोयीसाठी हिचे नाव आणि पासवर्ड घालून ठेवला होता. शुक्रवारी संध्याकाळी नियमाप्रमाणे तिने पासवर्ड बदलला. ते बिचारे काम जुनाच शब्द घेऊन दर पंधरा मिनिटांनी दार ठोठावीत राहिले आणि तिचे खाते बंद पाडीत राहिले. चोर कोणी नव्हताच. साहेबांनी चूक कबूल केली. पण आरोप चारचौघांत झाला होता आणि कबुली बंद खोलीत.

हीच गोष्ट देशाच्या मापात

भाचीचे प्रकरण एका दिवसात मिटले. त्याच देशात असेच एक प्रकरण वीस वर्षे मिटले नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९-२००० च्या सुमारास देशभरच्या शाखांत होरायझन नावाची संगणकयोजना बसवली. ती फुजित्सु या जपानी कंपनीच्या मालकीच्या आयसीएलने तयार केली होती. शाखा चालवणारे पोस्टमास्तर बहुतेक छोटे दुकानदार. त्यांच्याशी झालेल्या कराराचा पोस्ट ऑफिसने लावलेला अर्थ असा, की हिशेबात तूट आली तर ती त्यांनी भरून द्यावी. पडद्यावर तुटी दिसू लागल्या. पोस्ट ऑफिसने यंत्रावर विश्वास ठेवला आणि माणसांवर खटले भरले. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांवरून नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. त्यांतले बरेचसे खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले होते.

यांतली एक घटना भाचीच्या प्रकरणाची मोठी बहीण शोभेल. ऑक्टोबर २०१२ मध्ये यॉर्कशरमधील लेप्टन येथील शाखेत एका गिऱ्हाइकाने टेलिफोनचे ७६ पौंड ९ पेन्सचे बिल भरले. त्याच वेळी संपर्क तुटला. पुढे यंत्राने आपणहून तो व्यवहार उलटवला. परंतु नोंद पाहणाऱ्याला असे दिसत होते की पोस्टमास्तरानेच तो उलटवला. तो म्हणत होता, मी नाही केले. पोस्ट ऑफिसच्याच हेलन रोझ या तपासनीस बाईंनी २०१३ साली खोलात जाऊन पाहिले आणि लिहून ठेवले, की ही नोंद दिसते तशी नाही आणि न्यायालयात अशी नोंद पुरावा म्हणून जाणे धोक्याचे आहे. त्याच वर्षी पोस्ट ऑफिसला सल्ला देणारे बॅरिस्टर सायमन क्लार्क यांनी हा अहवाल आरोपींना दाखवायला हवा होता, असे मत दिले. तरीही खरे सगळ्यांच्या हाती यायला वर्षे लागली.

दुसरी घटना स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टनची, २०१५ ची. आठ हजार पौंडांची थैली जमा करताना पडदा अडला. पुन्हा पुन्हा एंटरची कळ दाबली गेली आणि प्रत्येक वेळी यंत्राने गुपचूप आणखी आठ हजार जमा मांडले. अशा रीतीने हातात नसलेले चोवीस हजार पौंड कागदावर आले. पुढे शोध घेतला तेव्हा हाच दोष आधीच्या वर्षांत इतर शाखांतही होऊन गेल्याचे आढळले.

सर्वांत मोठा प्रश्न दाराच्या किल्लीचा होता. शाखेच्या खात्यात पोस्टमास्तरावाचून कोणीही हात घालू शकत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले. अॅलन बेट्स आणि इतर मिळून ५५५ जणांनी दावा लावला. त्याचा होरायझनविषयीचा निकाल न्यायमूर्ती फ्रेझर यांनी १६ डिसेंबर २०१९ रोजी दिला. त्यात स्पष्ट झाले की फुजित्सुचे लोक दूर बसून शाखेच्या हिशेबात नोंदी घालू शकत होते, आणि जुन्या होरायझनमध्ये तर त्या शाखेतूनच झाल्यासारख्या दिसू शकत होत्या. म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली होती. ज्याच्या नावावर दार होते त्यालाच ती ठाऊक नव्हती.

याची किंमत माणसांनी मोजली. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथे पोस्ट ऑफिस चालवणाऱ्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या आणि तो दिवस त्यांच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली, त्यांत त्या होत्या. मे २०२४ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून आणखी शेकडो लोकांना दोषमुक्त केले. सर वीन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला भाग ८ जुलै २०२५ रोजी आला, म्हणजे आम्ही निघण्याच्या थोडेच आधी. या प्रकरणामुळे किमान तेरा जणांनी जीव दिला असावा, असे त्यात म्हटले आहे. भरपाईचे काम तेव्हाही पुरे झालेले नव्हते.

आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट टोचेल. तपासनिसांना संशयितांची वंशावार वर्गवारी करायला सांगणारे पोस्ट ऑफिसचे एक जुने पत्रक २०२३ साली उघडकीस आले. त्यात आपल्यासारख्यांना 'भारतीय-पाकिस्तानी प्रकार' अशा शब्दांत मोजले होते. पोस्ट ऑफिसने त्याबद्दल माफी मागितली. यंत्र रंग पाहत नाही हे खरे. पण यंत्राने बोट दाखवल्यावर पुढे जो माणूस येतो, तो पाहतो.

हॅरोमध्ये या विषयाची चर्चा अधिक होती, त्याला कारणही होते. पश्चिम हॅरोचे खासदार गॅरेथ थॉमस हेच त्या वेळी टपालखाते सांभाळणारे मंत्री होते. जुलै २०२४ मध्ये ते त्या जागी आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते काम दुसऱ्याकडे गेले. आपल्याच खासदाराच्या टेबलावर हे कागद आहेत म्हटल्यावर लोक दुकानात, देवळात त्याविषयी बोलणारच.

कायदा कोणाच्या बाजूला?

इथे कायद्याचा एक मुद्दा समजून घेतला पाहिजे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्याने संगणकाची नोंद पुरावा म्हणून आणायची तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागत असे. ही अट जाचक वाटली म्हणून १९९९ च्या कायद्याने काढण्यात आली आणि २००० साली ती गेली. तेव्हापासून संगणक बरोबरच आहे असे धरून चालायचे. तो चुकला असे ज्याला म्हणायचे असेल त्याने आधी तसे काही दाखवायचे. पण खेड्यातल्या दुकानदाराने सर्व्हरच्या आतले दोष दाखवायचे कसे? सगळे कागद तर आरोप करणाऱ्याच्याच कपाटात. ज्या सुमारास होरायझन शाखांत बसत होते, त्याच सुमारास ही अट गेली, हे लक्षात घ्यावे. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या न्यायखात्याने हा नियम बदलावा का, यावर लोकांची मते मागवली. आपल्या बेटाचे शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे जाते. तेव्हा तिथला हा वाद आपण परका मानू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कचेरी चालवणारे म्हणतील, प्रत्येक नोंदीवर शंका घेतली तर काम कसे चालायचे? चोऱ्या खरोखरीही होतात. संगणक बहुतेक वेळा बरोबरच असतो. हे सर्व आम्हांला मान्य आहे. नोंद फेकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. नोंद हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी व्हावीच लागते. भाचीला निर्दोष ठरवले तेही त्याच नोंदीने. साहेबांनी तीत फक्त नाव वाचले. तंत्रज्ञाने वेळ आणि जागाही वाचली.

आम्ही शिक्षक माणसे. अध्यापन-प्रशिक्षणात आम्हांला एक साधी गोष्ट शिकवली होती. वर्गात एका मुलाचे गणित चुकले तर त्याच्या वहीत पाहावे. पण दहा मुलांचे तेच गणित तसेच चुकले, तर आधी फळ्याकडे पाहावे. चूक बहुधा आपणच लिहून दिलेली असते. पोस्ट ऑफिसने फळ्याकडे पाहिलेच नाही. अनेक पोस्टमास्तरांनी सांगितले आहे की मदतीसाठी फोन केला तेव्हा, 'असे फक्त तुमच्याकडेच होते आहे,' हे उत्तर त्यांना मिळाले. दहा मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि प्रत्येकाला तूच एकटा मठ्ठ म्हटले, तर दहाही मुलांना ते खरे वाटेल.

आता आपल्या घरांपुरते. आपली मुले नोकरीला लागताना आपण त्यांना सांगतो, साहेबांशी नम्र राहा, वेळेवर जा. त्यात आता चार गोष्टी घालाव्यात. आपला पासवर्ड कोणाला देऊ नये, सहकाऱ्यालाही नाही आणि साहेबांनाही नाही. सही कोरी करून देण्यासारखेच ते आहे. यंत्राचे कोणतेही नेहमीचे काम आपल्या नावावर लावू देऊ नये. त्यासाठी वेगळे खाते मागावे. दार अडले तर संदेश शब्दशः आणि वेळेसह वहीत लिहून ठेवावा. आणि आरोप झालाच तर रागाने किंवा रडून उत्तर न देता तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या यंत्रावरून, किती वाजता, आणि आणखी कोणाला असे झाले का?

आपल्यापैकी जे मुख्याध्यापक आहेत, खातेप्रमुख आहेत, दुकानाचे मालक आहेत, त्यांना आमचे एकच मागणे आहे. तुमच्या कचेरीत उद्या सकाळी कोणाचे लॉगइन अडेल, तेव्हा 'तू काय केलेस?' हा पहिला प्रश्न असू नये. 'यंत्र काय म्हणते?' हा असावा. तपासाअंती माणूस दोषी निघाला तर जरूर शिक्षा करा. पण चारचौघांत लावलेला आरोप खोटा ठरला, तर कबुलीही चारचौघांतच द्या.

आम्ही निघालो त्या दिवशी भाची सुट्टी काढून विमानतळावर पोचवायला आली. कचेरीत आता सगळे ठीक आहे का, असे विचारले. म्हणाली, "ठीक आहे मामा. पण आता रोज घरी निघताना किती वाजले ते मी डायरीत लिहून ठेवते." मुलगी शहाणी झाली, याचा आनंद वाटला. तिला असे शहाणे व्हावे लागले, याचे मात्र वाईट वाटले.